तीन गावांत ठेवलेला धवला

६ जानेवारी २०२५, सोमवार, रोहा

नवी वही सुरू केली. धाटावच्या एका कंपनीची भेट आहे, दर पानाच्या तळाला कामगारांसाठी एकेक सूचना छापली आहे. आजची सूचना: 'घाई करू नका.' मला तर आता घाईच करायची आहे.

काल पेणहून नाथाचा फोन आला. मी पेणच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो तेव्हाचा हा माझा विद्यार्थी. त्याच्या आईची फुप्फुसं पार थकली आहेत, डॉक्टरांनी नुसती मान हलवली म्हणाला. आई म्हणजे वढावच्या गोदूबाई. त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला म्हणावा लागतो आणि तो धवलारीणच म्हणते; तिने म्हटल्याशिवाय विधी झाला असं कोणी धरत नाही. खाडीकाठच्या त्यांच्या पाड्याचे जे धवले आहेत, ते गोदूबाईंशिवाय आता कोणालाच पुरते येत नाहीत. निवृत्त झाल्यावर, गेली दोन वर्षं, मी ते ध्वनिमुद्रित करतो आहे. सेहेचाळीस झाले. सत्तेचाळिसावा तेवढा राहिला, आणि तोच मुख्य. त्याला 'मानाचा धवला' म्हणतात. आता चार ओळी म्हटल्या की गोदूबाई भिंतीला टेकून बसतात.

नाथाच्या मुलीचं, दिपिकाचं, लग्न वैशाखात आहे, ११ मेला. मी नाथाला शब्द दिला आहे की आजी त्या दिवशी असोत नसोत, दिपिकाच्या मांडवात मानाचा धवला आजीच्याच आवाजात होईल. शब्द देताना छाती पुढे काढली होती. आज भीती वाटते.

९ जानेवारी, गुरुवार

लॅपटॉप भरला, नवीन काही घेईना. अनयला फोन केला. आमचे चिरंजीव बंगळुरूला क्लाउडचंच काम करतात, म्हणजे काय करतात ते मला आज प्रथम कळलं.

'बाबा, हवेत काही नसतं,' म्हणाला. 'मोठमोठ्या गोदामांत हजारो मशीन असतात. त्यातली लागेल तेवढी जागा आणि लागेल तेवढी ताकद भाड्याने घ्यायची. प्रश्न एवढाच, की किती काम त्यांनी करायचं आणि किती आपण.'

याचे म्हणे तीन प्रकार. त्याने इंग्रजी नावं सांगितली, मी लग्नाच्या भाषेत उतरवून घेतली. पहिल्या प्रकारात मोकळं मैदान, वीज आणि पाणी मिळतं. मांडव, चुली, भांडी, आचारी आपले. राखणही आपलीच. दुसऱ्यात मांडव उभा असतो, चुली पेटलेल्या असतात, आपण फक्त आपला पदार्थ रांधायचा. ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची सोय. तिसऱ्यात थेट पंगतीला बसायचं आणि वाढलेलं जेवायचं. ई-मेल काय, फाइली ठेवायची जागा काय, आपण सामान्य माणसं वापरतो ते सगळं तिसऱ्यातलं.

अनय मला पहिल्या प्रकारात ओढत होता. तिथे फाइलीला कुलूप लावता येतं म्हणे, दहा वर्षं कोणालाही पुसता येणार नाही असं. पुसलंच तरी जुनी प्रत मागे राहते. 'मी बसवून देतो,' म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, मी पंगतीतला माणूस, मला मैदान नको.

'पंगतीतही आपलं पान आपणच सांभाळायचं असतं, बाबा. मशीन बंद पडलं तर ते बघतील. आपण काय ठेवलं आणि काय काढलं, ते आपल्याकडे.'

हे मला सांगतो. तेहतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली, एक काचेची नळी हरवली नाही.

शेवटी पंगतच ठरली. लॅपटॉपवरचं फोल्डर आणि तिकडचं फोल्डर जोडून दिलंय, इथे जे होईल ते आपोआप तिकडे होतं. सोय छान आहे. जागा कमी पडू नये म्हणून इथे फाइलीचं नुसतं नाव राहतं, ऐकायला गेलं की ती तिकडून येते. वर अनय म्हणाला, पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत काढून कपाटात ठेवा. मी हसलो. तीन वेगवेगळ्या शहरांत तीन प्रती ठेवतात, हे त्यानेच सांगितलं. आता चौथी रोह्याच्या दमट कपाटात कशाला?

१९ जानेवारी, रविवार

सकाळच्या गाडीने पेणला गेलो, तिथून मिनीडोर रिक्षाने वढावला. गाडीत निडी स्टेशनपासून खिडकीशी बसलो होतो, तरी बाहेर लक्ष नव्हतं. गोदूबाई पार वाळल्यात. हात काड्यांसारखे झालेत.

त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, 'गोदूबाई, तुमचा आवाज आता तीन गावांत ठेवलाय. एका गावातलं यंत्र बंद पडलं तरी दोन चालूच.'

'तीन गावान?' त्या म्हणाल्या. 'मंग त्या गावान कोनी गातंय का?'

'गात नाही कोणी. नुसता ठेवलाय.'

'ठेवलेला धवला काय कामाचा, मास्तर? तो उठला पायजे.'

मी हसून सोडून दिलं. यांना कुठवर समजावणार.

मानाच्या धवल्यात लग्नघर एकेकाला मान देतं. 'पयला गो धवला पान्याला वाहिला', दुसरा बांधाला, तिसरा चुलीला, वगैरे. शब्द इथे उतरवत बसत नाही, मुद्रणात सगळं येईलच.

पण आज आलं नाही. आधी रेकॉर्डरचे सेल गेले, म्हणून जुना मोबाइल काढला. मग दिपिका. पोरगी आजीच्या पाठीशी तांदूळ निवडत बसलेली. आजी तिसऱ्या ओळीला आली की ही हळूच सूर धरते. आवाज मिसळतो, मुद्रण वाया जातं. पाच वेळा मला थांबवावं लागलं.

'गुनगुनू दे ना, मास्तर,' गोदूबाई म्हणाल्या. 'शिकतंय पोर.'

मी समजावलं की मुद्रण स्वच्छ हवं. धवला अर्धा सोडत नाहीत, अर्धा सुटला तर मांडव उघडा राहतो, असं त्यांच्या घरात मानतात. म्हणून मी थांबवलं की गोदूबाई डोळे मिटतात आणि उरलेला धवला ओठांतल्या ओठांत पुरा करतात, मग पुन्हा पहिल्यापासून. पाचही वेळा तसंच. त्यात वेळ जातो आणि त्याचा मला काही उपयोग नाही. शेवटी त्यांना खोकला आला आणि मीच आवरतं घेतलं.

२ फेब्रुवारी, रविवार

झालं! सत्तेचाळीस पुरे!

आज नाथाला आधीच सांगून दिपिकाला पेणला शिंप्याकडे पाठवलं होतं. कोंबड्या झाकून ठेवल्या, पंखा बंद केला. गोदूबाईंनी मानाचा धवला एका बैठकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. आवाज किती चढतो ते दाखवणाऱ्या रेकॉर्डरच्या काट्यावर मी पूर्ण वेळ डोळा ठेवून होतो, एकदाही लालात गेला नाही. शेवटचा शब्द झाला आणि त्या आडव्याच झाल्या. नाथाने पाणी दिलं.

निघताना दिपिका परत आली. 'सर, आजी बोलते रोज दुपारची माझे जवल बस. मी शिकू का?'

मी म्हटलं, 'अगं, बोललं की तिला दम लागतो. कशाला त्रास देतेस? लग्नात तिचाच आवाज लावायचाय. तू आता मेंदीचं बघ.'

दिपिका हसून आत गेली. गोदूबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना पटलेलं दिसलं.

घरी येऊन फाइल चढवली. हिरवी खूण आली. रेकॉर्डरचं कार्ड नेहमीप्रमाणे पुसून ठेवलं. बायकोला, सुनीतीला म्हटलं, आज मी मेलो तरी चालेल. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

१ मार्च, शनिवार

गोदूबाई गेल्या. पहाटे, झोपेतच.

नाथाच्या अंगणात उभा होतो. बाया रडत होत्या आणि मला सारखं वाटत होतं की यांतली एखादी आता सुरात काहीतरी म्हणेल. कोणी म्हटलं नाही. तिरडी उचलताना दिपिका माझ्या शेजारी होती. तिच्याशी काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, आवाज आहे आपल्याकडे. तिने मान हलवली.

निघताना नाथा म्हणाला, 'सर, एक मागनं हाय. आमचे घरान धवलारीण गेली का सव्वा महिना तिचा आवाज काढीत नाय. धवला लग्नाचा, मौतीचे घरान तो वाजवायचा नाय. तुमी पन ऐकू नका. सव्वा महिन्यान लावा, मंग लग्नाला लावा.'

मी लगेच होकार दिला. एवढं तर मी त्यांच्यासाठी करू शकतो. म्हणजे आठ एप्रिलपर्यंत.

२ मार्च, रविवार

सकाळीच भलतं झालं. पत्र लिहायला लॅपटॉप उघडला आणि परवा ऐकत होतो तिथून गोदूबाईंचा आवाज आपोआप सुरू झाला. चार शब्द असतील. मी झटकन बंद केलं. शब्द देऊन एक दिवस झाला नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून लॅपटॉपवरून ते फोल्डरच काढून टाकलं. तिकडे आहेच. एक लांबलचक इंग्रजी सूचना आली. अशा सूचना ते यंत्र दिवसातून दहादा देतं. ठीक म्हटलं आणि पुढे गेलो. मग हात जोडले. मनाला शांत वाटलं.

४ मार्च, मंगळवार

फाइली ठेवणाऱ्या कंपनीचं मेल. बऱ्याच फाइली हलल्याचं लिहून खाली तीस दिवसांची काही मुदत दिलीय. यांच्या योजना संपत नाहीत. पुसून टाकलं.

१६ मार्च, रविवार

करमत नाही. रविवार म्हणजे वढाव, असं दोन वर्षं चाललं होतं. आज रोहा स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो.

मला गोदूबाईंची आठवण येते ती गाण्याची नाही, हे कबूल करायला लाज वाटते. आठवतं ते त्यांचं 'मास्तर' म्हणणं. त्यांचा आवाज ऐकावासा वाटतो. नियम पाळतो आहे.

एक बरं झालं. जागा भरत आल्याचा इशारा रोज यायचा, तो पंधरा दिवसांत एकदाही आला नाही. कंपनीने जागा वाढवून दिलेली दिसते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सणाला अनयचा फोन. बोलता बोलता म्हणाला, 'बाबा, लग्न जवळ आलं. सगळ्या फाइली जागेवर आहेत ना, एकदा बघून घ्या.'

मी सांगितलं, आठ तारखेपर्यंत उघडणार नाही.

'ऐकू नका. नुसती नावं बघा.'

'नाथाला शब्द दिलाय. नियम म्हणजे नियम.'

त्याने फोन आईला द्यायला सांगितला. आजच्या मुलांना नियम पाळणं म्हणजे काय ते कळत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आंघोळ करून बसलो. देवाचं नाव घेतलं आणि उघडलं.

फोल्डर नाही.

चार वेळा पासवर्ड घालून पाहिला. खातं माझंच आहे. शाळेचे जुने कागद आहेत, सुनीतीच्या गुडघ्याचे एक्स-रे आहेत. धवले नाहीत. एकही नाही.

९ एप्रिल, बुधवार

काल पुढे लिहवलं नाही. अनय दोन तास फोनवर होता, माझ्या खात्यात शिरून बघत होता. एरवी मधे मधे हसतो. काल हसला नाही.

मी काढलं. दोन मार्चला मी ठीक म्हटलं आणि इथलं गेलं तसं तिथलंही गेलं, कारण दोन्ही फोल्डर जोडलेले होते. सोय छान आहे असं मीच लिहून ठेवलं आहे. मी विचारलं, आणि त्या तीन शहरांतल्या प्रती? तो म्हणाला, 'बाबा, एखादं मशीन जळालं तर म्हणून त्या प्रती. मालकानेच काढायला सांगितलं तर तिन्हीकडून काढतात. तिथे ते इमानदारीने चालतं.'

काढलेलं सगळं तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात होतं. एका बोटाने परत आलं असतं. एक एप्रिलला डबा रिकामा झाला. पाडव्याला अनयने बघा म्हटलं तेव्हा सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस तिथे होते.

मी नियम पाळत होतो.

१३ एप्रिल, रविवार

कंपनीचं उत्तर आलं. सभ्य भाषा आहे. सेवा सर्व काळ सुरळीत होती, काढण्याची आज्ञा खात्याच्या मालकाकडून आली, मुदतीची सूचना पाठवली होती, आता काही करता येत नाही. माझ्या नावापुढे त्यांनी 'प्रिय' लिहिलंय.

तीन वेळा वाचलं. कुठे तरी त्यांची चूक सापडावी असं वाटत होतं. नाही सापडली. कोणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

१७ एप्रिल, गुरुवार

सांगायला वढावला गेलो आणि न सांगता परत आलो.

नाथाने शिफ्टवरून येऊन मला मांडवाची जागा दाखवली. कमळाकर स्पीकरवाला पेणच्या रामवाडीचा, त्याला सांगून ठेवलंय. 'चार खांबांना चार लावतंय, सर. आयेचा आवाज पार खाडीपर्यंत गेला पायजे.' इतर विधींना हाशिवऱ्याची धवलारीण येणार आहे. पण मानाचा धवला तिला येत नाही, तो या पाड्याचाच. 'त्याला आयेच लागते,' नाथा म्हणाला.

मी म्हटलं, हो, हो. पाणी प्यालो. मिनीडोर धरली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी इतका भ्याड कधी झालो नव्हतो.

२१ एप्रिल, सोमवार

सुनीतीने आज विचारलं, 'अहो, दोन वर्षं ऐकलंत ना? आठवेल तेवढं लिहून काढा की.'

सकाळपासून बसलो. पाणी, बांध, चूल. पुढे काही नाही. मुद्रण घेताना, मग स्वच्छ आहे का बघताना, मानाचा धवला मी निदान दहा वेळा ऐकला आहे. पण माझे डोळे काट्यावर होते. काटा कुठे हलला ते आठवतं. शब्द आठवत नाहीत.

'एकही ओळ नाही?' तिने विचारलं. मग माझं तोंड बघून उठून गेली.

मला काही करावंसं वाटत नाही. दाढीसुद्धा.

२६ एप्रिल, शनिवार

टेबलाच्या खणात जुना मोबाइल सापडला. दीड तास चार्जिंगला लावल्यावर सुरू झाला. एकोणीस जानेवारीची, सेल गेले त्या दिवसाची, वाया गेलेली पाच मुद्रणं त्यात आहेत. टाकून दिलेली, म्हणून मी ती चढवलीच नव्हती. म्हणून ती उरली.

गोदूबाईंचा आवाज लागला आणि मी लहान मुलासारखा रडलो.

पाचही ऐकली. पहिली ओळ, पाण्याला. दुसरी, बांधाला. तिसरीला त्या श्वास घेतात, मागून दिपिकाचा बारीक सूर येतो, आणि लगेच एक माणूस ओरडतो, 'थांबा! कोण गुणगुणतंय?' पाचही वेळा तेच. इतका कर्कश आवाज आहे माझा. वर्गात मी असाच बोलत असेन का?

अनय म्हणाला, तुमचा आवाज कापून देतो. कापून उरणार काय? दोन ओळी आणि एक श्वास.

३ मे, शनिवार

आज सांगितलं. नाथा शिफ्टला गेला होता, म्हणून आधी दिपिकाला. ओट्यावर बसलो, मोबाइल मधे ठेवला आणि सगळं सांगितलं, फोल्डर, तीस दिवस, डबा. ती ऐकत होती. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी म्हणाली, 'आजी माना फेब्रुवारीत रोज बोलवायची, सर. बस गो बाय, एकेक घे, बोलायची. मीच बोलली, सरांनी घेतलंय ना आजी, तू कशाला दमतंस.'

मी तोंड फिरवलं. समोर खाडीचं पाणी उतरत होतं.

मग तिने मुद्रण लावायला सांगितलं. पाचही ऐकली. स्वतःचा सूर ऐकून तिला जरा हसू आलं आणि मग ते राहिलं नाही. मी म्हटलं, माझं ओरडणं काढून टाकता येईल, अनय करून देतो.

'नको,' ती म्हणाली. 'आता कायच कापू नका. हाय तसंच लावा. आजीचा आवाज मांडवान लागू दे, मधी तुमी बोलता तं बोलू दे.'

नाथाला तिनेच सांगितलं. त्याने रात्री फोन केला. 'बरं, सर,' एवढंच म्हणाला. शाळेत मी छडी मारली की असंच म्हणायचा.

१२ मे, सोमवार

काल लग्न झालं.

हाशिवऱ्याच्या बाईंनी हळदीपासून सगळे धवले म्हटले. मानाच्या धवल्याची वेळ आली तशा त्या बाजूला सरकून बसल्या. पाड्याच्या बाया पुढे आल्या. दिपिका मुंडावळ्या बांधून पाटावर होती. कमळाकरने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि चारही खांबांवरून गोदूबाई गायल्या.

'पयला गो धवला पान्याला वाहिला,
दुसरा गो धवला बांधाला वाहिला...'

 कोणीतरी हुंदका दिला. आणि मग त्याच चार खांबांवरून, पार खाडीपर्यंत, माझा आवाज गेला: 'थांबा! कोण गुणगुणतंय?'

लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होतो, म्हणून आधी कळलं नाही कुठून येतंय ते. स्पीकर बंद होता. पाटावरून, मान न उचलता, दिपिका म्हणत होती.

'तिसरा गो धवला चुलीला वाहिला...'

आजीचाच सूर. बाया पुढे झुकल्या. दिपिकाने श्वास घेतला, ओठ उघडले आणि ती थांबली. तिला तिथपर्यंतच येत होतं. मी दर वेळी तिला तिथेच थांबवलं होतं.

कोणीतरी पुढचं उचलेल म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. गोदूबाईंची म्हातारी जाऊ काठी टेकत उठली. 'अर्धा नका सोडू गो,' म्हणाली. 'चवथा कोनाला? बोला गो कोनी तरी.' मग ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. खरंच विचारत होती. 'मास्तर, तुमी तं होते ना तवा. चवथा कोनाला?'

दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. दिपिकानेही मान वर केली.  शेवटी नाथाने हात केला आणि बाजा सुरू झाला.

आज सकाळपासून ही वही चाळतो आहे. कुठे लिहून ठेवलं असेल, अशी आशा होती. एकोणीस जानेवारीचं पान सापडलं. पाणी आहे, बांध आहे, चूल आहे, आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात 'वगैरे' लिहिलं आहे.